डेटाबेस-आवृत्तींमधील विसंगती
कारखाना, बँक, रुग्णालय किंवा शासकीय खाते यांसारख्या संस्थेचे सर्व व्यवहार एकत्रितपणे सांभाळणारे सॉफ्टवेअर संगणकावर प्रस्थापित करताना, म्हणजे रूढ भाषेत इन्स्टॉल करताना, त्यास अपेक्षित असलेली डेटाबेस-व्यवस्थेची आवृत्ती आणि त्या संगणकावर आधीपासून कार्यरत असलेली आवृत्ती यांचा मेळ न बसणे, यास आवृत्ति-विसंगती म्हणतात. डेटाबेस म्हणजे ठरावीक रचनेत साठविलेला व अनेकांना एकाच वेळी वापरता येणारा माहितीचा संग्रह होय. हा संग्रह सांभाळणाऱ्या व त्यातून हवी ती माहिती काढून देणाऱ्या आज्ञावलीस डेटाबेस-व्यवस्था म्हणतात. वेतनपत्रकाचे सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीवरच चालते, साठ्याच्या हिशोबाचे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीशिवाय चालत नाही आणि दोहोंना कर्मचाऱ्यांची व मालाची माहिती एकाच संग्रहातून हवी असते, असा हा पेच असतो.

विसंगती एकाच पातळीवर असते असे नाही. मूळ व्यवस्था, तिच्याशी संवाद साधणारी ग्राहकबाजूची आज्ञावली, प्रश्न विचारण्याची भाषा आणि तबकडीवरील फाइलींची अंतर्गत मांडणी या सर्वांचे वय वेगवेगळ्या गतीने वाढते. ‘मायएस्क्यूएल’ या व्यवस्थेची ८.० ही आवृत्ती २०१८ मध्ये सर्वसाधारण वापरासाठी उपलब्ध झाली, तेव्हा तिच्यात ‘रँक’ हा शब्द भाषेचा राखीव शब्द ठरला होता. ज्या संस्थांनी हुद्द्याच्या रकान्याला तेच नाव दिले होते, त्यांच्या वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेल्या आज्ञा एकाएकी नामंजूर होऊ लागल्या. त्याच आवृत्तीत परवलीचा शब्द पडताळण्याची मूलभूत पद्धत बदलल्यामुळे जुन्या ग्राहक-आज्ञावलींना जोडणीच मिळेना. तथापि सर्वांत अवघड प्रश्न फाइलींच्या मांडणीचा असतो. नवी आवृत्ती बहुधा जुनी मांडणी वाचू शकते, जुनी आवृत्ती मात्र नवी मांडणी वाचू शकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एस्क्यूएल सर्व्हरमध्ये वरच्या आवृत्तीवर नेलेला संग्रह खालच्या आवृत्तीत पूर्ववत करता येत नाही. ओरॅकलमध्ये सुसंगततेची पातळी ठरविणारा अंक एकदा वाढविल्यावर कमी करता येत नाही. हा मार्ग एकेरी असल्यामुळे प्रस्थापनेच्या वेळी ‘होय’ म्हणून दाबलेली एक कळ पुढील कित्येक वर्षे संस्थेला बांधून ठेवते.

पूर्वपीठिका : प्रारंभीच्या काळात हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. इंटरनॅशनल बिझनेस मशिन्स (आयबीएम) या कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. त्या काळी यंत्र, त्याची परिचालन प्रणाली व बहुतेक आज्ञावल्या एकाच हातून येत. सॉफ्टवेअरची वेगळी किंमत आकारली जात नसे आणि दोन घटकांत विसंगती आढळल्यास तिचे उत्तरदायित्वही त्याच एका हाताकडे असे. अपोलो चांद्रयानाच्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्याच्या गरजेतून नॉर्थ अमेरिकन रॉकवेल व कॅटरपिलर यांच्या सहकार्याने आयबीएमने तयार केलेली ‘आयएमएस’ ही श्रेणीबद्ध रचनेची व्यवस्था ऑगस्ट १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील डाउनी येथे प्रथम कार्यान्वित झाली. तिच्या आधीच चार्ल्स बाकमन (१९२४–२०१७) यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जालरूप रचनेची ‘आयडीएस’ ही व्यवस्था सिद्ध केली होती. या दोन्ही प्रकारांत आज्ञावली लिहिणाऱ्यास माहिती कोणत्या वाटेने मिळते हे ठाऊक असावे लागे. परिणामी साठवणीची मांडणी बदलली की आज्ञावलीही बदलावी लागे.

हे परावलंबन तोडण्याचा पद्धतशीर विचार एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आढळतो. माहितीचा क्रम, तिच्या सूची आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट या तिन्ही बाबतींत आज्ञावली स्वतंत्र असावी, असे प्रतिपादन करून त्यांनी कोष्टकांवर आधारलेले संबंधात्मक प्रतिमान मांडले. १९७५ मध्ये अमेरिकन राष्ट्रीय मानक संस्थेच्या अभ्यासगटाने सुचविलेली त्रिस्तरीय रचना याच विचाराच्या दिशेने जाणारी होती. कॉड यांच्या या कार्याचे महत्त्व वादातीत आहे. परंतु एक गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. त्यांनी आज्ञावलीला साठवणीच्या मांडणीपासून मुक्त केले, साठवण सांभाळणाऱ्या व्यवस्थेपासून नव्हे. माहिती आणि तिचा वापर करणारी आज्ञावली यांची फारकत होताच दोहोंची वये वेगळी झाली. यानंतरच्या आवृत्ति-विसंगतीचे मूळ येथेच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

फारकतीला व्यापारी बळ मिळाले ते २३ जून १९६९ च्या निर्णयामुळे. त्या दिवशी आयबीएमने सॉफ्टवेअर व सेवा यांची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले. सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकावयाची वस्तू ठरू लागली आणि तिच्याबरोबर आवृत्तीचा क्रमांकही बाजारात आला. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे ओरॅकल या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने १९७९ मध्ये आपली संबंधात्मक व्यवस्था विक्रीस काढली, ती थेट ‘आवृत्ती २’ म्हणून. पहिली आवृत्ती विक्रीस कधी आलीच नाही. नवख्या कंपनीची पहिलीच आवृत्ती घेण्यास ग्राहक कचरतील, हे त्यामागील कारण सांगितले जाते. लहान संगणकांवर लोकप्रिय झालेल्या ‘डीबेस टू’ या व्यवस्थेलाही ‘डीबेस वन’ असे पूर्वरूप नव्हते. क्रमांक हे तांत्रिक वयाचे माप न राहता व्यापाराचे साधन झाले. प्रस्थापनेचे काम करणारी आज्ञावली मात्र तोच क्रमांक प्रमाण मानून निर्णय घेते.

प्रमाणीकरणाचे प्रयत्न झाले. एस्क्यूएल या प्रश्नभाषेचे मानक अमेरिकेत १९८६ मध्ये व आंतरराष्ट्रीय स्तरावर १९८७ मध्ये स्वीकृत झाले, १९९२ मध्ये त्याचा मोठा विस्तार झाला. तरीही प्रत्येक उत्पादकाची बोली वेगळी राहिली. उदा., ओरॅकलमध्ये रिकामी अक्षरमाला आणि ‘मूल्य नाही’ ही स्थिती एकच मानली जाते, मानकानुसार त्या भिन्न आहेत. मानकाने बोलींमधील अंतर कमी केले, ते नाहीसे केले नाही.

व्यवसाय-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर : आयबीएममधील पाच माजी अभियंत्यांनी १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीत एसएपी ही कंपनी स्थापन केली. तिच्या ‘आर/३’ या १९९२ च्या प्रणालीत वापरकर्त्याचा पडदा, व्यवहाराचे नियम आणि डेटाबेस असे तीन थर वेगवेगळ्या संगणकांवर ठेवता येत आणि डेटाबेस कोणाचा घ्यावा हे ग्राहकाने ठरवावयाचे असे. ही मोकळीक हा त्या प्रणालीच्या यशाचा एक आधार होता, पण तिच्यामुळे परिचालन प्रणाली, डेटाबेस आणि व्यवसाय-सॉफ्टवेअर यांच्या आवृत्तींचे गुणाकार वाढत गेले. प्रत्येक जुळणीची चाचणी घेणे उत्पादकालाही शक्य नव्हते. म्हणून कोणत्या आवृत्त्या परस्परांबरोबर चालतील व त्यांना साहाय्य किती काळ मिळेल, हे दर्शविणारी उपलब्धतेची कोष्टके प्रसिद्ध होऊ लागली. प्रस्थापनेपूर्वी हे कोष्टक वाचणे हा व्यवस्थापकाच्या कामाचा अपरिहार्य भाग झाला. ज्याने ते वाचले नाही त्याला साहाय्य नाकारले जाई. कोष्टकात न बसणारी जुळणी कित्येकदा उत्तम चालते, परंतु ती चालते याची हमी कोणी देत नाही, आणि बँकेसारख्या संस्थेस हमी ही प्रत्यक्ष चालण्याइतकीच मोलाची असते.

एकाच यंत्रावर अनेक आवृत्त्या : विसंगतीतून सुटण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअरने आपला डेटाबेस बरोबर घेऊनच येणे. मायक्रोसॉफ्टने एस्क्यूएल सर्व्हरच्या ७.० व २००० या आवृत्तींबरोबर ‘एमएसडीई’ नावाची लहान व विनामूल्य वाटता येणारी व्यवस्था उपलब्ध करून दिली. अनेक उत्पादकांनी ती आपल्या वस्तूत अंतर्भूत केली. त्याचबरोबर २००० च्या आवृत्तीत एक महत्त्वाची सोय झाली. तोपर्यंत एका संगणकावर या व्यवस्थेची एकच प्रत चालत असे, आता निरनिराळ्या नावांच्या १६ पर्यंत प्रती शेजारी शेजारी चालविता येऊ लागल्या. कोणत्याही सॉफ्टवेअरने दुसऱ्याच्या आवृत्तीस हात लावण्याचे कारण उरले नाही.

परंतु एवढ्या प्रती एका यंत्रावर असताना बाहेरून येणाऱ्या ग्राहक-आज्ञावलीने आपली प्रत कशी ओळखावी? मूळ प्रत १४३३ या क्रमांकाच्या ठरलेल्या द्वारावर उत्तर देई. इतर प्रतींची द्वारे निश्चित नसत. म्हणून १४३४ या द्वारावर एक चौकशी-सेवा बसविण्यात आली. प्रतीचे नाव विचारले की ही सेवा तिचा द्वारक्रमांक सांगे. वाड्याच्या देवडीवर बसणाऱ्या पहारेकऱ्यासारखे तिचे काम होते, फरक इतकाच की हा पहारेकरी विचारणाऱ्याची ओळख पटवून घेत नव्हता.

या सेवेत प्रमाणापेक्षा लांब संदेश आल्यास स्मृतीची मर्यादा ओलांडली जाण्याचा दोष होता. तो दुरुस्त करणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने २४ जुलै २००२ रोजी प्रसिद्ध केले. त्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी, शनिवार २५ जानेवारी २००३ रोजी, भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ११ च्या सुमारास ‘स्लॅमर’ हा संगणकीय कृमी पसरू लागला. त्याचा देह अवघा ३७६ बाइटांचा होता. तो तबकडीवर काहीही लिहीत नसे, केवळ स्मृतीत राहून यदृच्छेने निवडलेल्या पत्त्यांवर स्वतःच्या प्रती पाठवी. संदेश एकाच पुडक्यात मावत असल्यामुळे व उत्तराची वाट पाहावी लागत नसल्यामुळे त्याचा वेग पूर्वीच्या कोणत्याही कृमीपेक्षा अधिक होता. प्रारंभी बाधित यंत्रांची संख्या दर ८.५ सेकंदांना दुप्पट होत होती. सुमारे दहा मिनिटांत बाधा होऊ शकणाऱ्या यंत्रांपैकी ९० टक्क्यांहून अधिक यंत्रे बाधित झाली आणि एकूण किमान ७५,००० यंत्रांना बाधा झाली. दक्षिण कोरियातील इंटरनेट-वाहतूक कोलमडली. बँक ऑफ अमेरिकेच्या १३,००० रोकड-यंत्रांपैकी बहुसंख्य काही काळ बंद पडली. अमेरिकेतील ओहायओ राज्यातील डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात ठेकेदाराच्या जोडणीतून कृमी शिरला आणि सुरक्षेच्या मापांचा फलक दाखविणारी प्रणाली जवळजवळ पाच तास बंद राहिली. अणुभट्टी त्या वेळी अन्य कारणांसाठी थांबविलेली होती.

सहा महिने ठिगळ उपलब्ध असता इतकी यंत्रे उघडी का राहिली? व्यवस्थापकांच्या आळसाकडे बोट दाखविणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. पुष्कळांना आपल्या संगणकावर एस्क्यूएल सर्व्हर आहे हेच ठाऊक नव्हते. तो दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरच्या पोटात दडून आलेला होता. ज्यांना ठाऊक होते त्यांनाही दुरुस्ती प्रत्येक प्रतीवर स्वतंत्रपणे करावी लागे. शिवाय जी प्रत एखाद्या उत्पादकाने आपल्या प्रस्थापना-संचात मिसळून दिली होती, तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टची नेहमीची दुरुस्ती लागू पडत नसे, ती त्या उत्पादकाकडूनच मिळवावी लागे. आवृत्तींचा तंटा मिटविण्यासाठी प्रत्येकाला वेगळी खोली दिली गेली आणि कोणत्या खोलीत कोण राहतो याची नोंद कोणापाशी राहिली नाही. हल्ला ज्या द्वारावर झाला ते द्वारही या खोल्यांच्या व्यवस्थेसाठीच उघडलेले होते. २००५ मध्ये एमएसडीईची जागा घेणाऱ्या ‘एक्सप्रेस’ आवृत्तीत जालमार्गे जोडणी व चौकशी-सेवा या दोन्ही गोष्टी मुळातच बंद ठेवण्यात आल्या, तो या घटनांचा धडा होता.

मुक्त सॉफ्टवेअरमधील प्रयत्न : लिनक्स परिवारात याच्या उलट मार्ग अवलंबिला गेला. तेथे शक्यतो प्रत्येक घटकाची एकच सामायिक प्रत ठेवावयाची आणि प्रत्येक पुडक्याबरोबर त्याला काय लागते व काय चालत नाही याची यादी द्यावयाची, असा दंडक पडला. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘डेबियन’ प्रकल्पाने १९९९ च्या २.१ आवृत्तीपासून ‘ॲप्ट’ हे साधन वितरणात घेतले. ते सर्व याद्या वाचून परस्परांशी जुळणाऱ्या आवृत्तींचा संच शोधते. असा संच शोधणे गणितीदृष्ट्या किती कठीण आहे हे एका यूरोपीय संशोधन-प्रकल्पाने २००६ च्या सुमारास दाखवून दिले. अवलंबन व विरोध यांच्या याद्या दिल्या असता एखादे पुडके प्रस्थापित करता येईल की नाही हे ठरविणे, हा ‘एनपी-पूर्ण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समस्यांच्या वर्गात मोडणारा प्रश्न आहे. सर्व परिस्थितींत तो झटपट सोडविणारी रीत ज्ञात नाही. प्रत्यक्ष व्यवहारात बहुतेक उत्तरे क्षणार्धात मिळतात ही गोष्ट वेगळी.

क्रमांकांचा उपद्रव येथेही आहेच. ‘मारिआडीबी’ ही मायएस्क्यूएलपासून वेगळी झालेली व्यवस्था. तिची दहावी आवृत्ती निघाली तेव्हा मायएस्क्यूएलच्या काही आज्ञावल्या आवृत्तीचा पहिला एकच अंक वाचत असल्यामुळे ‘१०’ ही त्यांना ‘१’ वाटण्याचा धोका होता. म्हणून मारिआडीबी जोडणीच्या प्रारंभी आपल्या खऱ्या क्रमांकापूर्वी ‘५.५.५’ असा खोटा क्रमांक जोडून सांगू लागली. विंडोज ७ चा अंतर्गत क्रमांक ६.१ ठेवण्यामागेही सुसंगततेचाच विचार होता. क्रमांकाच्या प्रत्येक अंकाला निश्चित अर्थ असावा, पहिला अंक बदलला तर सुसंगतता मोडली असे समजावे, हा ‘अर्थनिष्ठ क्रमांकना’चा संकेत टॉम प्रेस्टन-वॉर्नर यांनी मांडला. त्याची २.०.० ही आवृत्ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तो पुष्कळांनी स्वीकारला आहे, पण पाळला जाणे सर्वस्वी कर्त्याच्या सचोटीवर अवलंबून आहे.

क्रमांक जुळत असतानाही विसंगती उद्भवू शकते, याचे बोलके उदाहरण २०१८ मधील आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लिनक्सच्या मूळ ग्रंथालयाच्या २.२८ या आवृत्तीत अक्षरांचा क्रम ठरविणारी कोष्टके मोठ्या प्रमाणावर बदलली. ‘पोस्टग्रेएस्क्यूएल’ ही व्यवस्था मजकुराच्या सूची रचताना हाच क्रम वापरीत असे. डेटाबेसची आवृत्ती तीच ठेवून केवळ परिचालन प्रणाली नवी केली, तरी जुन्या क्रमाने रचलेली सूची नव्या क्रमाने शोधली जाऊ लागली. नोंद संग्रहात असूनही सापडेना. जेथे एकच नोंद असावयास हवी तेथे दोन शिरू लागल्या. कोणतीही चूक पडद्यावर उमटत नव्हती. अक्षरक्रम ही सर्वत्र सारखी गोष्ट नाही, हे मराठी वाचकास सांगावयास नको. मराठी कोशांत ळ हा ह नंतर येतो आणि क्ष, ज्ञ वर्णमालेच्या शेवटी येतात. युनिकोडमधील संकेतांकांच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच नंतर आहे. सूची कोणत्या क्रमाने रचली हे नोंदविलेले नसेल, तर ‘पवार’, ‘पळसुले’, ‘पक्षे’ यांची रांग कोणती खरी हे यंत्राला कळण्याचा मार्ग नाही. पोस्टग्रेएस्क्यूएल आता वापरलेल्या क्रमाची आवृत्तीही नोंदविते आणि ती बदलल्यास इशारा देते. सूची नव्याने रचणे मात्र व्यवस्थापकावरच सोपविलेले आहे.

सांप्रतची पद्धती : विसंगती निवारण्याची व्यवहारातील रीत आता बरीच स्थिरावली आहे. प्रथम यंत्रावरील सर्व प्रती, त्यांच्या आवृत्त्या व त्यांवर अवलंबून असलेली सॉफ्टवेअरे यांची नोंद केली जाते. संग्रहाची प्रतिलिपी घेऊन ती दुसऱ्या यंत्रावर पूर्ववत होते याची खात्री करून घेतात. ही खात्री न केलेली प्रतिलिपी नसल्यासारखीच होय. नंतर त्या दुसऱ्या यंत्रावर नवी आवृत्ती चालवून पाहतात. नव्या व्यवस्थेस जुन्या आवृत्तीप्रमाणे वागावयास लावणारी सुसंगतता-पातळी काही काळ कायम ठेवतात आणि महिनाअखेरचा हिशोब, वर्षअखेरचा ताळेबंद अशी क्वचित चालणारी कामेही तपासून झाल्यावरच ती वाढवितात. कोष्टकांच्या रचनेतील प्रत्येक बदल क्रमांकित आज्ञांच्या रूपात ठेवून, कोणते बदल लागू झाले याची नोंद त्याच डेटाबेसमध्ये करण्याची प्रथा २००५ नंतर सर्वत्र रुळली.

स्वतंत्र प्रतींचा मार्ग सोडला गेला असे नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉकर’ या साधनामुळे सॉफ्टवेअर आपल्या सर्व आवश्यक घटकांसह एका बंदिस्त पेटीत ठेवता येते. दोन पेट्यांतील आवृत्त्या एकमेकींस दिसत नाहीत. एसएपीने याहून कठोर तोडगा काढला. तिची २०१५ मधील ‘एस/४हाना’ ही प्रणाली कंपनीच्या स्वतःच्या ‘हाना’ या डेटाबेसवरच चालते. जुळण्यांचे कोष्टक आखूड झाले आणि ग्राहकाची निवड संपली. १९६९ पूर्वी यंत्र व आज्ञावली एकाच हातून येत, त्या स्थितीशी याचे साम्य लक्षणीय आहे. जुन्या प्रणालीच्या ग्राहकांना स्थलांतरासाठी दिलेली मुदत २०२० मध्ये वाढवून २०२७ अखेरपर्यंत करण्यात आली.

पेटीत काय आहे हे बाहेरून कळावे, ही गरज डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा प्रकर्षाने जाणवली. ‘लॉगफोरजे’ या नोंदवहीच्या घटकात गंभीर दोष आढळला, तेव्हा तो कोणकोणत्या सॉफ्टवेअरच्या पोटात आहे हे शोधण्यातच संस्थांचा कित्येक दिवसांचा वेळ गेला. सॉफ्टवेअरमधील सर्व घटक व त्यांच्या आवृत्त्या यांची यादी उत्पादकाने वस्तूबरोबर द्यावी, असा आग्रह अमेरिकेच्या संघीय शासनाने मे २०२१ च्या आदेशात धरला होता. भारतात ‘सर्ट-इन’ या संगणक-सुरक्षेच्या राष्ट्रीय यंत्रणेने अशा घटक-याद्यांविषयीची तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली.